डबा रिकामा झाला, पण कोरा झाला नाही

आपल्या धाराशिव जिल्ह्यात धड डबा फेकून देणं हे उधळेपणाचं लक्षण मानतात. रंगाची बादली पिठाला लागते. तेलाचा पत्र्याचा डबा डाळीला लागतो. युरियाची पोती उसवून, एकमेकांना शिवून खळ्यावर अंथरतात, आणि थंड पेयाची बाटली शेतात पाणी न्यायला वर्षभर चालते. ज्या मुलखात पाऊस दर चार-दोन वर्षांनी दगा देतो तिथं काटकसर कुणाला शिकवावी लागत नाही. तिला नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. एवढंच सांगायचं आहे की काही डबे, काही पोती आणि काही कागद यांना दुसऱ्यांदा वापरायचं नसतं. ते कोणते, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणारीला आणि फवारा मारणाऱ्याला, ठाऊक असलं पाहिजे.

वेष्टनातल्या रसायनांची चर्चा पुण्या-मुंबईत होते ती डब्यावरच्या बारीक अक्षरांची, परदेशी नावांची. ती खोटी नाही, तिच्याकडे पुढं येतोच. पण आपल्याकडचा मोठा धोका वेगळा आहे. आपल्याकडे रसायन नव्या डब्यातून जितकं येतं त्यापेक्षा जास्त जुन्या डब्यातून येतं. त्यात आधी काय होतं, हे विसरल्यामुळे येतं.

बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावातली गोष्ट आठवते का? १६ जुलै २०१३. शाळेत दुपारचं जेवण वाढलं, भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. त्यात २३ लेकरं गेली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. आपले शेतकरी हे नाव चांगलं ओळखतात, वर्षानुवर्षं ते आपल्याही कापसावर पडत आलं. तेल ज्यात ठेवलं होतं त्या भांड्यात आधी कीटकनाशक होतं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तेल बरोबर वाटत नव्हतं, त्यांनी तसं सांगितलंही होतं, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. पुढं मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. शिक्षा झाली म्हणून लेकरं परत आली नाहीत. आणि या सगळ्यात विष घालण्याचा हेतू कुणाचाच असावा लागला नाही, एक रिकामा कॅन पुरला.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही खिचडी शिजते. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांना पहिली विनंती अशी की तांदूळ-डाळीचा हिशेब पाहता तसा तेल कशातून येतं आणि कशात ठेवलं जातं तेही पाहा. कंपनीच्या मोहोरबंद पिशवीतलं किंवा डब्यातलं तेल असेल तर ठीक. लेबल फाडलेल्या कुठल्याशा कॅनमध्ये सुटं तेल असेल, तर तो कॅन कुठून आला हे विचारल्याशिवाय चूल पेटवू देऊ नका. आणि स्वयंपाक करणारी ताई "वास वेगळा येतोय" म्हणाली तर तिचं ऐका. त्या खोलीत तिच्या नाकाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

आता शेतातल्या कॅनकडे वळू. सोयाबीनवर फवारणी झाली की बांधावर, विहिरीच्या काठाला, गोठ्याच्या आढ्याला हे पांढरे-निळे डबे जमतात. लिटरचा डबा, घट्ट झाकण, हातात धरायला कान. टाकवत नाही, हे खरं. मग कुणी त्यात रॉकेल ठेवतं, कुणी डिझेल, आणि तिसऱ्या हाताला तो गेला की दूध किंवा गोडेतेलही. "राखेनं घासलाय, तीनदा कढत पाण्यानं धुतलाय" असं सांगतात. अडचण अशी की प्लास्टिकची भिंत दगडासारखी नसते. तेलात विरघळणारं औषध महिनोन्महिने आत राहिलं की ते त्या भिंतीत मुरतं. धुण्यानं वरचं निघून जातं, मुरलेलं राहतं, आणि पुढं तेल किंवा दूध ओतलं की हळूहळू बाहेर येऊ लागतं.

धुतलं की गेलं, या समजुतीनं किती हानी होते याचा फार मोठा दाखला इराकमध्ये आहे. १९७१-७२च्या हिवाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांना पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं गव्हाचं आणि सातूचं बियाणं वाटलं गेलं. विषारी आहे हे कळावं म्हणून त्याला लाल रंग दिला होता. पोत्यावरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषांत. लोकांनी बियाणं धुतलं, लाल रंग निघून गेला, तेव्हा विषही गेलं असं समजून भाकरी केली. रंग गेला होता, पारा गेला नव्हता. दवाखान्यात दगावलेल्यांचा सरकारी आकडाच ४५९ आहे. आपल्याकडेही पेरणीतून उरलेलं बियाणं गुलाबी, लाल, निळ्या लेपाचं असतं. ते धुऊन दळायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही, आणि त्याच्या पिशवीत घरचं धान्य भरायचं नाही.

रिकाम्या डब्यांबद्दल कायदा जुनाच आहे. कीटकनाशक नियम १९७१ मधला ४४ वा नियम सांगतो की रिकामी वेष्टनं बाहेर टाकून ठेवायची नाहीत, त्यांचा पुन्हा वापर होऊ द्यायचा नाही, ती फोडून वस्तीपासून दूर पुरायची. लेबलवर चौकोनातल्या त्रिकोणाचा रंग पाहिला असेलच. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा त्रिकोण आहे म्हणून डबा स्वयंपाकघरात आणायला परवानगी मिळाली असं कुणी समजू नये. करायचं एवढंच: औषध संपलं की डबा लगेच तीन वेळा विसळायचा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग बुडाला तापवलेल्या सळईनं नव्हे, खिळ्यानं किंवा विळ्याच्या टोकानं दोन-तीन भोकं पाडायची. सळई नको, कारण तापलेल्या प्लास्टिकचा आणि औषधाचा धूर नाकात जातो. त्याच कारणानं डबे जाळायचे नाहीत. भोक पाडायचं ते भंगारवाल्यासाठी. धड कॅन भंगारात गेला की तो बाजारात पुन्हा कुणाच्या तरी तेलाचा कॅन होऊन उभा राहतो. भोक पडलेला राहत नाही.

याच्या उलट प्रकार मला जास्त भीतीदायक वाटतो. शेजाऱ्याकडून पावशेर तणनाशक हवं असतं, म्हणून ते थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून घरी आणतात आणि कोनाड्यात ठेवतात. उन्हातून आलेलं लेकरू बाटलीचा आकार ओळखतं, आतलं औषध ओळखत नाही. औषध मूळ डब्यातच राहू द्या, थोडं हवं असेल तर डबा घेऊन शेतावर जा. आणि कुणाच्या पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याच्या फंदात पडू नका. १०८ ला फोन लावा आणि तो डबा किंवा त्याचं लेबल बरोबर घ्या. डॉक्टरला कुठलं औषध आहे हे कळण्यावर पुढचा उपचार ठरतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि तुम्हालाही सल्ला देतं.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक खास विषय म्हणजे पाण्याचे ड्रम. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपल्याकडेही गल्लोगल्ली दारापुढं निळ्या ड्रमांची रांग होती. टँकर येतो, पाईप ड्रममध्ये पडतो, आठवडाभर तेच पाणी. हे दोनशे लिटरचे ड्रम बहुतेक घरांनी जुने घेतलेले असतात, कारण नव्याची किंमत परवडत नाही. पण ते आधी कुठं होते? ड्रम मुळात बनतात ते कारखान्यांसाठी. त्यात साखरेचा पाक येतो, फळांचा गर येतो, तसाच रंगाचा कच्चा माल, साबणाची रसायनं, आम्लं, छपाईचे द्रावही येतात. दुकानात पोचेपर्यंत लेबल खरवडून काढलेलं असतं आणि सगळे ड्रम सारखेच निळे दिसतात.

म्हणून ड्रम घेताना भाव करण्याआधी एक प्रश्न विचारा: यात काय होतं? विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर तो ड्रम पिण्याच्या पाण्याला नाही. लाल कडेच्या चौकटीत कवटी, ज्वाळा किंवा हातावर सांडणारा थेंब, अशी खूण कुठं उरली असेल तर विषयच संपला. आतून हात फिरवून पाहा, चिकट लागतं का, उन्हात झाकण लावून तासभर ठेवा आणि उघडून वास घ्या. वास आला तर ड्रम घेऊ नका. वास नाही आला, तरी त्यानं चांगुलपणा सिद्ध होत नाही, कारण वास नसलेली विषंही असतात. ज्याचं मूळ कळत नाही असा ड्रम आधीच घरात असेल, तर तो बांधकामाला, अंगण शिंपडायला, संडासाच्या पाण्याला ठेवा. गुरांनाही त्यातलं पाजू नका. पिण्यासाठी एकच नवा ड्रम किंवा टाकी अन्न-पाण्यासाठी बनवलेली घ्या, तशी खूण पाहून. पेला आणि जेवणाचा काटा जोडीनं छापलेले असतात ती ही खूण. पिण्याचं पाणी घरात फार लागत नाही, ते रांजणात आणि माठातही मावतं.

पोती, बादल्या यांच्याबद्दल थोडक्यात. युरियाच्या, सुफल्याच्या पोत्यांवर धान्य वाळवू नका, साठवू तर नकाच. रंगाची बादली पिठाला किंवा लोणच्याला नाही, धुण्याला खुशाल वापरा. तेलाचा पत्र्याचा डबा घरात डाळ ठेवायला आतून गंजला नसेल तर चालेल. पण एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकणं कायद्यानं बंद आहे, तेव्हा झाकणाचा डाग पुन्हा लावलेला दिसला तर तो डबा घेऊ नका.

दुसऱ्यांदा वापरल्या जाणाऱ्या वस्तूंतली सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी म्हणजे रद्दी. तुळजापुरात नवरात्रात किंवा येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत उभं राहा. भजी कागदावर, जिलेबी कागदावर, भेळ तर कागदाच्या पुड्यातच. भजं उचललं की बातमीची उलटी अक्षरं त्याच्या बुडाला उमटलेली असतात. छपाईच्या शाईत रंगद्रव्यं, खनिज तेल आणि ती पक्की बसवणारी रसायनं असतात. गरम तळण हे सगळं कागदातून शोषून घेतं. शिवाय तो कागद कुणाच्या हातातून, कुठल्या कोपऱ्यातून आला हे वेगळंच. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल सूचना काढली आणि २०१८च्या वेष्टन नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधणं, झाकणं, तेल टिपणं हे सरळ बंद केलं. नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहे. लागू आहे असं कागदावर म्हणायचं. हातगाड्यांवर अजून कालचं वर्तमानपत्रच आहे.

पण यात भजीवाल्याला धोपटण्यात अर्थ नाही. रद्दी त्याला स्वस्त पडते आणि गिऱ्हाईक काही बोलत नाही. गिऱ्हाईक बोललं तर तो दुसऱ्या दिवशी कोरा कागद आणील. त्याहून सोपं म्हणजे पळसाची पानं, द्रोण. बालाघाटच्या डोंगररांगांत पळस काही दुर्मीळ नाही, आणि पत्रावळी लावणारे हात अजून गावोगाव आहेत. लग्नाच्या पंगतीत चांदीसारख्या चकचकीत पत्रावळ्या मांडतात त्या कागदाच्या दिसतात, पण त्यांच्यावर प्लास्टिकचा थर असतो. थर्माकोलच्या ताटांना तर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासूनच बंदी आहे. यजमानांनी आचाऱ्याला पत्रावळ कुठली हे आधी विचारावं. मेनूवर आठवडा घालवतो, मग ताटावर पाच मिनिटं घालवायला हरकत नाही.

आता नव्या प्लास्टिकबद्दल. कोणत्याही प्लास्टिकमधून थोडंफार काही ना काही अन्नात उतरतंच, नियमही ते गृहीत धरतात. एक किलो अन्नात वेष्टनातून उतरणारं सगळं मिळून ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी आपल्याकडे मर्यादा आहे. ती तपासायला प्रयोगशाळेत नुसतं पाणी वापरत नाहीत. आंबट पदार्थांच्या जागी ३ टक्के ॲसिटिक आम्ल घेतात, तेलकटाच्या जागी हेप्टेन नावाचा द्राव, आणि ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ डबा त्यात ठेवतात. म्हणजे डब्यातून रसायन ओढून काढणारे चौघे कोण, हे त्या चाचणीतच सांगितलेलं आहे: आंबट, तेलकट, गरम आणि बराच वेळ. हे चार शब्द लक्षात ठेवले तर रसायनांची नावं पाठ करायची गरज पडत नाही. कोरडी ज्वारी चांगल्या प्लास्टिकच्या कोठीत वर्षभर ठेवा, काही बिघडत नाही. पण उकळता मटणाचा रस्सा पातळ पिशवीत बांधून घरी नेला, तर चारांपैकी दोन गोष्टी एकदम झाल्या, आणि वाटेत वेळ लागला की तिसरीही. त्या पातळ पिशव्या तर कुठल्या कचऱ्यातून वितळवून आल्या याचा पत्ता नसतो. रस्सा आणायला घरून स्टीलचा डबा नेण्यात कसला कमीपणा?

चहा पार्सलची हीच कथा. आणि कागदी कपाला कुणी पुण्यवान समजू नये, त्याच्या आतही पाणी न झिरपू देणारं प्लास्टिकचं अस्तर असतं. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० मिलिलिटर गरम पाणी अशा कपात पंधरा मिनिटं ठेवलं, पाणी ८५ ते ९० अंशांचं होतं. त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण सापडले. पोटात गेल्यावर ते नेमकं काय करतात, याचं उत्तर अजून विज्ञानाकडे पुरतं नाही. पण काचेचा ग्लास विसळून देणारी टपरी गावात आहे तोवर त्या उत्तराची वाट पाहण्याची गरजही नाही. आपल्या तेरच्या गोरोबा काकांनी मडकी घडवली, त्या जिल्ह्यात चहाला मातीचा कुल्हड उत्तरेतून यावा, हे मला जरा विचित्र वाटतं.

भूम, वाशी, कळंब भागातल्या खवा भट्टीवाल्यांना एक वेगळा शब्द. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद सगळ्या जिल्ह्याला आहे. खव्यात भरपूर तूप असतं. कढईतून उतरवलेला वाफाळता गोळा तसाच पिशवीत कोंबला तर पिशवीतलं त्यात उतरायला मोकळी वाट मिळते, आणि घाम धरून खवा आंबतो तो वेगळाच. परातीत पसरून आधी पूर्ण निवू द्या, मगच बांधा, आणि पिशवी अन्नासाठीची, नव्या प्लास्टिकची घ्या. पिशवीच्या किलोमागं पाच-दहा रुपये वाचवून मानांकनाचं नाव घालवू नका. पेढ्याचे खोकेही पाहा. जुन्या कागदाच्या लगद्याचा पुठ्ठा असेल तर त्यात आधीच्या छपाईची शाई असते. आत बटरपेपर घालणं हा अगदी स्वस्त उपाय आहे, पण तो पेढ्याच्या खाली आणि बाजूंनाही हवा.

वीस लिटरच्या पाण्याच्या जारबद्दल लोक विचारतात. बरेचसे टणक, पारदर्शक निळसर जार पॉलीकार्बोनेटचे असतात. बुडाला त्रिकोणात ७ हा आकडा किंवा पीसी ही अक्षरं दिसतात. या प्लास्टिकमध्ये बीपीए नावाचं रसायन असतं, जे शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपीय संघानं २०११ मध्ये लेकरांच्या दूधबाटल्यांतून ते काढून टाकलं आणि जानेवारी २०२५ पासून अन्नाला लागणाऱ्या इतर वस्तूंतही त्यावर बंदी आणायला सुरुवात केली. घासून घासून ओरखडे पडलेला, उन्हात गाडीवर तासन्‌तास तापलेला जुना जार घेऊ नका, दुसरा मागा. बाळाची दूधबाटली ७ आकड्याची असेल तर बाजूला ठेवा. खरं तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, आणि त्याहून आईचं दूध.

पण मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक भीतीला बळी पडू नका. गाडीत राहिलेल्या बाटलीतलं पाणी एकदा प्यायलं म्हणून कॅन्सर होत नाही. ते रोज, वर्षानुवर्षं करत राहणं शहाणपणाचं नाही, इतकाच त्यातला खरा भाग. असल्या संदेशांनी माणूस घाबरून जातो आणि मग कीटकनाशकाच्या कॅनमधून रॉकेल आणायला तोच माणूस बिनधास्त जातो. घाबरायचं ते कशाला, याचा क्रम लावा. कॅन आणि ड्रम पहिले, गरम-तेलकट पदार्थांच्या पिशव्या आणि रद्दी नंतर, बाकीचं सवडीनं.

तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमानं साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्नाचा नमुना तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. तो फारसा कुणी वापरत नाही, वापरावा. मात्र पहिली तक्रार हातगाडीवाल्याची करू नका. लेबल खरवडलेले ड्रम पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकणारा, बंदी असलेल्या पिशव्यांचे गठ्ठे होलसेलनं पुरवणारा, वापरलेल्या डब्यात तेल भरणारा, यांची आधी करा.

ग्रामपंचायतींनाही मागणं आहे. प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी नियमांनी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे, तेव्हा पुढच्या ग्रामसभेत कृषी सेवा केंद्रांना रिकामे डबे परत घेण्याची जागा ठरवून द्यायला सांगा. ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत बांधावर, गोठ्यात, माळवदावर पडलेले औषधांचे धड कॅन हातमोजे घालून गोळा करा आणि प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडा. पेरणीच्या आधी हे काम घरातल्या मोठ्या माणसानं स्वतः करावं, लेकरांना सांगू नये.